कथालेखकाचा पिंड आणि वाङ्मयप्रकाराची निवड

मराठी समीक्षेत 'पिंड' हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. अमुक लेखकाचा पिंड कथाकाराचा, तमुकाचा कादंबरीकाराचा, असे आपण सहज लिहून जातो आणि विद्यार्थीही उत्तरपत्रिकेत ते तितक्याच सहजपणे उतरवितात. पण हे विधान बहुतेक वेळा लेखकाची कारकीर्द पुरी झाल्यावर, त्याच्या पुस्तकांची यादी समोर ठेवून केलेले असते. दहा कथासंग्रह आणि एक कादंबरी, म्हणून पिंड कथाकाराचा! ह्यास निदान म्हणता येत नाही. ही केवळ मोजदाद झाली. ज्याची यादी अद्याप तयार व्हावयाची आहे, अशा लेखकाला ह्या शब्दाचा काहीही उपयोग होत नाही. आमच्या पदव्युत्तर वर्गात दरवर्षी दोन-तीन विद्यार्थी तरी लेखन करणारे असतात, आणि त्यांचा प्रश्न असतो तो नेमका हाच: आपल्याला काय लिहिता येईल, हे लिहिण्यापूर्वी किंवा निदान लिहिता लिहिता ओळखावयाचे कसे?

प्रस्तुत लेखात ह्या प्रश्नाचा विचार मराठी कथात्म वाङ्मयातील काही उदाहरणांच्या आधारे करावयाचा आहे. लेखकाला काय वाचावयास आवडते, कोणता विषय त्याला जिव्हाळ्याचा वाटतो, ह्यावरून त्याचा प्रकार ठरत नाही, असे माझे म्हणणे आहे. तो ठरतो लेखकाच्या काही सवयींवरून: काळ हाताळण्याची त्याची सवय, वाचकापासून काही लपविण्याची अथवा न लपविण्याची सवय, आणि त्याच्या वाक्याची स्वाभाविक उंची. ह्या सवयी पहिल्या खर्ड्यातच उमटलेल्या असतात. मात्र त्या पाहावयाच्या दृष्टीने खर्डा सहसा कोणी वाचीत नाही.

श्री. ना. पेंडसे आणि व्यंकटेश माडगूळकर ह्या दोघांची तुलना येथे विशेष उद्बोधक ठरेल, कारण दोघांचा आरंभबिंदू जवळजवळ एकच आहे. पेंडशांचे पहिले पुस्तक 'खडकावरील हिरवळ' हे १९४१ साली प्रसिद्ध झाले, ते व्यक्तिचित्रांचे. माडगूळकरांचे 'माणदेशी माणसं' १९४९ चे; तेही व्यक्तिचित्रांचेच. दोघांनाही प्रदेश लाभला होता: एकाला दापोलीच्या बाजूचे कोकण, दुसऱ्याला औंध संस्थानातला दुष्काळी माणदेश. दोघांचाही भर पाहिलेल्या माणसांवर. दोघांच्याही भाषेत बोलीचा वापर. विषय आणि सामग्री ह्यांवरून प्रकार ठरत असता, तर दोघांची वाटचाल सारखी व्हावयास हवी होती. ती झाली नाही. पेंडसे 'एल्गार' (१९४९), 'हद्दपार' (१९५०) आणि 'गारंबीचा बापू' (१९५२) अशा क्रमाने कादंबरीकडे गेले आणि तेथेच राहिले. माडगूळकर 'गावाकडच्या गोष्टी' (१९५१) लिहून कथेत स्थिरावले, आणि पुढे त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या तरी मराठी वाचकाच्या मनात ते कथाकारच राहिले.

ह्या फरकाचे मूळ दोघांच्या काळविषयक दृष्टीत शोधले पाहिजे. पेंडशांना माणूस दिसतो तो बदलताना. गावाने ओवाळून टाकलेला बापू त्याच गावात मानाने उभा राहतो, हा प्रवास घडावयास वर्षे लागतात. आणि त्या वर्षांचे ओझे वाचकाला जाणवल्याशिवाय बापूच्या यशाला अर्थ येत नाही. 'रथचक्र' (१९६२) मधील स्त्री मुलांच्या शिक्षणासाठी घर सोडून बाहेर पडते. तिच्या झगड्यातला कोणताही एक प्रसंग वेगळा काढला, तर तो करुण वाटेल, पण तिची जिद्द त्यात मावणार नाही, कारण जिद्द ही प्रसंगात दिसत नसून प्रसंगांच्या पुनरावृत्तीत दिसते. पेंडशांची ही काळाची भूक वाढतच गेली, आणि १९८७ साली 'तुंबाडचे खोत' ही एका घराण्याच्या पिढ्यांमागून पिढ्या सांगणारी दोन खंडांची कादंबरी त्यांनी लिहिली. असा लेखक बारा पानांच्या कथेत गुदमरतो. व्यक्तिचित्रातही त्याला माणसाचे पूर्वायुष्य सांगण्याचा मोह आवरत नाही. वाचताना वाटत राहते की हे चित्र पूर्ण झालेले नाही, ह्या माणसाचे पुढे काही तरी व्हावयाचे आहे.

माडगूळकरांच्या व्यक्तिचित्रात असे कधीच वाटत नाही. त्यांचा माणूस पहिल्या परिच्छेदात जसा उभा राहतो, तसाच शेवटी असतो. मधल्या पानांत तो बदलत नाही, आपल्यालाच तो अधिकाधिक दिसू लागतो. त्यांची नजर चित्रकाराची आणि शिकाऱ्याची आहे. ते स्वतः चित्रे काढीत आणि रानावनांत हिंडत, हे सर्वश्रुत आहे. शिकारी क्षणाची वाट पाहतो. तो क्षण आला की बाकीचा काळ त्याच्या लेखी संपतो.

येथे 'बनगरवाडी'चा आक्षेप येईल, आणि तो यावयासच हवा. १९५४ च्या 'मौज' दिवाळी अंकात आलेली आणि १९५५ साली पुस्तकरूप झालेली ही कादंबरी मराठीतील उत्कृष्ट कादंबऱ्यांपैकी एक गणली जाते. मग कथेचा पिंड असलेल्या लेखकाने ती लिहिली कशी? तिची रचना बारकाईने पाहिली, तर उत्तर सापडते. तरुण मास्तर धनगरांच्या वाडीत येतो. एकेक माणूस त्याच्यापुढे येते. तालीम बांधली जाते आणि तिच्या निमित्ताने संस्थानचे राजेसाहेब वाडीत येतात. मग दुष्काळ पडतो आणि वाडी उठते. हे प्रसंग एकमेकांतून जन्म घेत नाहीत. ते एकापुढे एक मांडलेले आहेत. त्यांना बांधणारी सूत्रे दोनच, आणि दोन्ही बाहेरची: मास्तराचे पाहणे आणि आभाळाचे वागणे. म्हणजे माडगूळकरांनी कादंबरीचा रूढ घाट उसना घेतला नाही. आपल्या प्रसंगचित्रणाच्या शक्तीला पेलेल एवढाच घाट त्यांनी घडविला. कादंबरी छोटी आहे, ती तशी असणेच अपरिहार्य होते. जेथे त्यांनी पुढे अधिक रूढ अर्थाने कथानक रचण्याचा प्रयत्न केला, तेथे माझ्या मते ही किमया साधली नाही. उलट 'सत्तांतर' ह्या वानरांच्या टोळ्यांवरील छोट्या कादंबरीत, ज्या कृतीस १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, ते पुन्हा आपल्या नजरेवर विसंबले आणि यशस्वी झाले.

ह्यावरून पहिली कसोटी हाती लागते. तुमच्या खर्ड्यातील मुख्य व्यक्ती पहिल्या आणि शेवटच्या पानांच्या दरम्यान बदलते, की केवळ उघड होते? बदल दाखविण्याची ओढ ज्याला आहे त्याला विस्तार लागतोच. उघड करण्याची ओढ ज्याला आहे त्याला विस्तार मिळाला, तर तो त्याच गोष्टी पुन्हा उघड करू लागतो.

परंतु हे स्वतःशी कबूल करणे सोपे नसते, कारण आपल्याकडे प्रकारांची उतरंड आहे. कथा हा कादंबरीचा जिना आहे, अशी एक समजूत प्रकाशकांत, पारितोषिक-समित्यांत आणि, खेदाने म्हणावे लागते, अध्यापकांतही रुजलेली आहे. भालचंद्र नेमाडे यांनी तर कादंबरीच्या तुलनेत लघुकथेला फारच खालचे स्थान दिले, आणि त्यांच्या मताचा प्रभाव एका पिढीवर पडला. कादंबरीची व्याप्ती मोठी, हे मान्य. पण त्यातून प्रत्येक कथाकाराने कादंबरी लिहून आपली योग्यता सिद्ध करावी असा निष्कर्ष कसा निघतो, ते मला कधीच समजले नाही. अरविंद गोखले ह्या कृषिशास्त्राच्या अभ्यासकाने हा मोह जन्मभर टाळला. नवकथेच्या त्यांच्या सहप्रवाशांनी निरनिराळे प्रकार हाताळले. गोखले कथेशीच एकनिष्ठ राहिले. गंगाधर गाडगीळ यांनी 'लिलीचे फूल' (१९५५) ही कादंबरी लिहिली. जिच्या मनाच्या पापुद्र्यांचे त्यांच्या कथेने इतके अचूक चित्रण केले असते, त्या नायिकेला कादंबरीभर वागवताना तेच विश्लेषण ताणल्यासारखे होते. गाडगीळांची प्रतिभा चपळ होती. एका मनःस्थितीवरून दुसरीवर ती उडी घेई. ह्याच चपळाईमुळे ते 'बंडू'च्या विनोदी कथांत आणि प्रवासवर्णनांत रमले. एकाच मनात दोनशे पाने मुक्काम करणे तिला मानवणारे नव्हते.

ह्या उतरंडीची किंमत मी स्वतः मोजली आहे. उत्तर पेशवाईवर एक ऐतिहासिक कादंबरी लिहिण्यात माझी सहा वर्षे गेली. सुमारे चारशे पाने झाली. एका वडीलधाऱ्या संपादकांना हस्तलिखित दाखविले, तेव्हा त्यांनी ते महिनाभराने परत केले आणि मधली काही पाने दुमडून ठेवली होती तेवढ्यांकडे बोट दाखवून म्हणाले, "एवढेच तुमचे आहे, बाकीचे इतिहासाच्या पुस्तकांचे." त्या पानांत एक जासूद पुराने भरलेल्या नदीकाठी रात्रभर उतार मिळण्याची वाट पाहत बसतो, एवढीच हकीकत होती. मला राग आला. पुढे दोन वर्षांनी त्या पानांची चौदा पानांची कथा झाली व ती एका दिवाळी अंकात छापून आली. उरलेली कादंबरी मी पुन्हा उघडली नाही. संपादकांचे निदान बरोबर होते. फक्त ते मला सहा वर्षे आधी स्वतःच करता यावयास हवे होते, कारण ती पाने इतर पानांपेक्षा वेगळ्या वेगाने लिहिली गेली होती, आणि हे मला लिहितानाच कळले होते.

आता शैलीचा विचार करू. शैली आणि प्रकार ह्यांचा संबंध बहुधा उलट्या बाजूने मांडला जातो: ऐतिहासिक कादंबरीला भारदस्त शैली हवी, रहस्यकथेला वेगवान हवी, इत्यादी. लेखकाच्या बाजूने पाहिले, तर प्रश्न निराळा होतो. शैली सहसा बदलता येत नाही. मग ती कोणत्या प्रकारात दोष ठरते आणि कोणत्या प्रकारात गुण, हे शोधावे लागते.

ह्याचे सर्वांत ठळक उदाहरण वि. स. खांडेकरांचे. खांडेकरांचे वाक्य सुभाषिताकडे झुकते. उपमा, रूपक, जीवनविषयक चिंतन हे त्यांच्या लेखणीतून आपोआप येते. १९३० च्या 'हृदयाची हाक'पासून त्यांनी सामाजिक कादंबऱ्या लिहिल्या. 'उल्का', 'दोन ध्रुव', 'क्रौंचवध' ह्या कादंबऱ्यांनी एका पिढीला वेड लावले. पण ह्या कादंबऱ्यांवर घेतला गेलेला मुख्य आक्षेपही सर्वांना ठाऊक आहे: त्यांतील सगळीच पात्रे एकसारखी अलंकारिक बोलतात. कॉलेजातला विद्यार्थी, खेड्यातली शिक्षिका, कार्यकर्ता, सर्वांच्या मुखी तेच कल्पनाविलास. समकालीन जीवनाचे चित्रण करणाऱ्या कादंबरीत हा दोष लपत नाही, कारण वाचक तसे बोलणारी माणसे रोज पाहत असतो आणि ती तसे बोलत नाहीत हे त्याला ठाऊक असते.

खांडेकरांनी शैली बदलली नाही. रूपककथेत तिला पूर्वीच जागा मिळाली होती. तेथे दगड, फूल आणि नदी बोलतात, तेव्हा त्यांनी सुभाषितांत बोलावे ह्यात कोणालाच काही वावगे वाटत नाही. मग १९५९ साली 'ययाति' आली. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली कहाणी स्वतः सांगतात. हे राजे आणि ऋषिकन्या आहेत. आपल्या आयुष्याकडे मागे वळून पाहत ते बोलत आहेत. त्यांचे बोलणे कोणत्याही परिचित बोलीशी ताडून पाहता येत नाही. जे वाक्य 'उल्का'च्या काळातील तरुणाच्या तोंडी कृत्रिम वाटते, तेच ययातीच्या तोंडी त्याच्या पश्चात्तापाचा भाग होऊन जाते. कादंबरीला १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार आणि पुढे १९७४ चे ज्ञानपीठ मिळाले. 'ययाति' निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. तिच्यातील बोधवाद मला आजही खटकतो. परंतु लेखकाने आपली लकब न टाकता, त्या लकबीला अनुकूल अशी भूमी मिळविली, हे मात्र तिच्याइतके स्पष्ट अन्यत्र क्वचितच दिसते. शिवाजी सावंतांनी आपली पहिलीच कादंबरी 'मृत्युंजय' (१९६७) कर्णावर लिहिली आणि कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण ह्यांना आत्मनिवेदन करावयास लावले. खांडेकरांना ज्या भूमीवर येण्यास जवळजवळ तीस वर्षे लागली, तेथे सावंत आरंभीच उभे होते.

ह्यातून लेखकाने एवढेच घ्यावे की, समीक्षक ज्याला वारंवार दोष म्हणतात तो टाकण्यापूर्वी, तो दोष जेथे गुण होतो असा प्रकार आहे काय, हे पाहावे. संवाद जमत नाहीत, पण पत्रे आणि रोजनिश्या जमतात. वर्णन लांबते, पण भीती उत्पन्न करते. पात्रे सपाट असतात, पण युक्तिवाद घट्ट असतो. ह्यांपैकी प्रत्येकाला कथात्म वाङ्मयात कोठे तरी घर आहे.

ह्यांतील शेवटचा विशेष, म्हणजे सपाट पात्रे आणि घट्ट युक्तिवाद, हा विज्ञानकथेकडे नेतो. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' ह्या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे नाव जयंत विष्णू नारळीकर यांनी घेतले होते, आणि आद्याक्षरे उलट्या क्रमाने वाचली की ते उघडे पडते. खगोलशास्त्रज्ञाच्या ख्यातीचा परीक्षकांवर भार पडू नये, म्हणून त्यांनी असे केले. प्रकाराची निवड करू पाहणाऱ्या लेखकाने हा प्रसंग ध्यानात ठेवावा: आपल्याला हा प्रकार येतो की आपले नाव येथे चालते, ह्या दोन प्रश्नांची त्यांनी फारकत केली. नारळीकरांच्या कथांत मनोविश्लेषण शोधणारा निराश होतो. पण विज्ञानातील एक गृहीत उचलून, ते खरे मानले तर माणसांच्या व्यवहारात काय काय घडेल, हे पायरीपायरीने मांडण्यात त्यांची कथा रंगते. व्यक्तींपेक्षा कल्पना अधिक स्पष्ट दिसणे, ही सामाजिक कादंबरीकाराची उणीव ठरेल. विज्ञानकथाकाराची ती पुंजी आहे.

तिसरी सवय आहे ती वाचकाशी असलेल्या व्यवहाराची. वाचकाला केव्हा काय कळू द्यावयाचे, ह्याबाबत प्रत्येक लेखकाची एक सहजप्रवृत्ती असते. काहींना लपविल्याशिवाय गोष्ट सांगता येत नाही; काहींना लपविणे अप्रामाणिक वाटते. बाबूराव अर्नाळकर पहिल्या जातीचे. त्यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. विद्यापीठांनी त्यांच्याकडे फारसे लक्ष दिले नाही, पण इतक्या संख्येने एकाच साच्यात लिहिणाऱ्याचा त्या साच्याशी प्रकृतीनेच मेळ असला पाहिजे. केवळ धंद्याच्या गरजेने हे होत नाही.

हरि नारायण आपटे यांचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. १८९० मध्ये त्यांनी 'करमणूक' साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून सामाजिक व ऐतिहासिक अशा दोन्ही जातींच्या कादंबऱ्या क्रमशः लिहिल्या. एकच लेखक, एकच पत्र, एकच वाचकवर्ग, दर आठवड्याला मजकूर देण्याची तीच निकड. 'पण लक्षांत कोण घेतो' मध्ये यमू आपली हकीकत आपणच सांगते. 'मी' मध्येही आत्मनिवेदनाचीच पद्धती आहे. ह्या दोन्ही ठिकाणी लेखक काही लपवीत नाही, कारण सांगणाऱ्या व्यक्तीला लपविण्यासारखे काही नाही. तिला फक्त सांगावयाचे आहे. 'उषःकाल'कडे वळताच हाच लेखक गुप्त वाटा, वेषांतरे, अर्धवट ऐकलेली संभाषणे ह्यांचा आश्रय घेतो. ह्याचे एक कारण त्या काळच्या अद्भुतरम्य कादंबरीचा संस्कार आणि रेनॉल्ड्सचे वाचन. पण माझ्या मते दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. शिवकालाचा शेवट वाचकाला आधीच ठाऊक असतो. स्वराज्य स्थापन होणार हे रहस्य राहू शकत नाही. तेव्हा उत्कंठा निर्माण करावयाची तर ती काल्पनिक पात्रांच्या गुप्ततेतूनच करावी लागते. हरिभाऊंना दोन्ही साधले, हे खरे. तरी आज कोणते अधिक जिवंत वाटते असे विचारले, तर बहुतेक वाचक यमूचेच नाव घेतील.

ऐतिहासिक कादंबरीत शेवट ठाऊक असतो, ही गोष्ट एका लेखकाला अडचण, तर दुसऱ्याला सुटका वाटते. रणजित देसाई आरंभी ग्रामीण कथा लिहीत. 'बारी' (१९५९) आणि 'माझा गाव' (१९६०) ह्या त्यांच्या कादंबऱ्या ग्रामजीवनाच्याच. त्यांत वातावरण उत्तम आहे, भावनांची आर्द्रता आहे. पण घटनांची जुळणी करताना लेखकाची दमछाक जाणवते. १९६२ साली 'स्वामी' आली. पानिपतानंतर, १७६१ मध्ये, सोळाव्या वर्षी पेशवेपदी आलेले माधवराव १७७२ मध्ये थेऊरला, सत्ताविसाव्या वर्षी क्षयाने जाणार, हे प्रत्येक मराठी वाचक जाणतो. कथानक इतिहासाने आधीच रचून ठेवले होते. देसायांना त्याची चिंता उरली नाही, आणि त्यांची जी खरी शक्ती, म्हणजे निरोपाचे, मानापमानाचे, पतिपत्नींच्या अबोल जवळिकीचे प्रसंग सजविण्याची, ती मोकळी झाली. वाचकाला मृत्यू ठाऊक असल्यामुळे प्रत्येक सुखाचा प्रसंग आपोआप करुण होतो. लेखकाला त्यासाठी वेगळे कष्ट घ्यावे लागत नाहीत. 'स्वामी'तील इतिहास कितपत प्रमाण आहे, हा वाद येथे अप्रस्तुत आहे. लेखकाची शक्ती आणि प्रकाराची सोय एकमेकांना कशी भेटतात, एवढेच पाहावयाचे आहे. १९६४ चा अकादमी पुरस्कार तिला मिळाला, आणि देसाई पुढे 'श्रीमान योगी' (१९६८) व 'राधेय' (१९७३) अशा, शेवट सर्वांना ठाऊक असलेल्याच कहाण्यांकडे वळले.

विद्यार्थ्यांशी बोलताना मी एक साधा प्रयोग सुचवितो. एखादा प्रसंग घ्यावा. उदाहरणार्थ, बऱ्याच वर्षांनी घरी परतलेला भाऊ आणि वाटणीचा कागद. तो तीन तऱ्हांनी लिहावा: एकदा सगळे आधीच सांगून, एकदा भाऊ का आला हे शेवटपर्यंत झाकून, आणि एकदा केवळ त्या घरातील कोणा एकाच्या तोंडून. तिन्ही खर्डे महिनाभर बाजूला ठेवावेत. नंतर वाचताना कोणता चांगला झाला आहे, हे पाहू नये; त्याबाबत लेखकाची स्वतःची फसवणूक ठरलेली असते. कोणत्या खर्ड्यात आपण न ठरविलेले काही तरी आत आले आहे, ते पाहावे. ज्या प्रकारात सामग्री आपणहून वाढते, तो आपला असण्याचा संभव अधिक. एका विद्यार्थिनीने हा प्रयोग केला, तेव्हा तिच्या पहिल्या दोन खर्ड्यांत भाऊ आणि कागद ह्यांखेरीज काही नव्हते. तिसऱ्यात मात्र सांगणारी म्हातारी आत्या आली आणि बरोबर आपल्या माहेरपणाच्या चार तक्रारी घेऊन आली. ती विद्यार्थिनी तोपर्यंत स्वतःला रहस्यकथाकार समजत होती.

दुसरी सूचना काटछाटीबद्दल. दिवाळी अंकांच्या पानांची मर्यादा आपल्या कथाकारांच्या अंगवळणी पडलेली आहे, आणि पुष्कळदा प्रकार अंकच ठरवून टाकतो. 'बनगरवाडी' मुळात दिवाळी अंकासाठीच लिहिली गेली, हे विसरता येत नाही. संपादकाच्या सांगण्यावरून एक तृतीयांश मजकूर कापावा लागला आणि कथा सुधारली, तर लेखकाचे माप कळले. कापल्यावर कथा स्वच्छ झाली, पण त्यातील माणसे परकी झाली, तर तेही माप कळलेच.

आतापर्यंतच्या विवेचनावरून पिंड ही कायमची, न बदलणारी वस्तू आहे असा समज होऊ नये. जी. ए. कुलकर्णी यांनी कथेखेरीज स्वतंत्र कथात्म लेखन जवळजवळ केलेच नाही, म्हणून ते सर्वांत स्थिर पिंडाचे लेखक वाटतात. पण 'निळासावळा' (१९५९) आणि 'पारवा' (१९६०) मधील कौटुंबिक, वास्तवाच्या मातीतील दुःखे आणि 'सांजशकुन' (१९७५) मधील दृष्टान्तवजा कथा ह्यांत इतके अंतर आहे की, लेखकाचे नाव झाकले, तर दोन निरनिराळ्या प्रकारांचे दोन लेखक म्हणावेत. आरंभीच्या कथांत ते माणसाला त्याच्या गावात, घरात, नात्यांत ठेवतात. हळूहळू गाव पुसट होतो, नाती गळतात आणि उरतो तो नाव नसलेला प्रवासी व त्याची नियती. ह्या बदलाला कथेची लांबीही अपुरी पडू लागली. कादंबरी लिहिण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता. कॉनरॅड रिक्टरच्या कादंबऱ्या त्यांनी मराठीत आणल्या होत्या, तेव्हा कादंबरीचे तंत्र त्यांना परके नव्हते. तरी 'रमलखुणा' (१९७५) मध्ये त्यांनी 'प्रवासी' आणि 'इस्किलार' ह्या दोनच दीर्घकथा ठेवल्या. त्यांची पाने एखाद्या छोट्या कादंबरीइतकी आहेत, पण त्यांत माणसे वाढत नाहीत, समाज उभा राहत नाही, एकच प्रश्न अधिकाधिक खोल जातो. कादंबरीच्या उंबरठ्यापर्यंत येऊन जी. ए. तेथूनच परतले, आणि नंतरच्या 'पिंगळावेळ' (१९७७) मध्ये पुन्हा कथाच लिहू लागले.